मागे राहिलेला आवाज

दुसऱ्याच्या रचनेत आपली ओवी घालावी काय, हा प्रश्न नेवाशाला नवा नाही. येथे सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीचा पाठ एकनाथांनी 1584 मध्ये शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात भर घालू नये, असे बजावले. परवा आमच्या विद्यार्थ्यांत हाच प्रश्न निघाला तो मात्र ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदावरून. (तुलना धाडसाची आहे, हे मान्य.)

त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा पारशी, बलसारा. शिकला आपल्या पाचगणीत. 24 नोव्हेंबर 1991 रोजी तो वारला. चार वर्षांनी, 1995 मध्ये, त्याच्याच आवाजातला ‘मेड इन हेवन’ हा अल्बम निघाला. कित्येक चाहत्यांना तो निरोप वाटला. काहींना मृताच्या सामानाची उचकापाचक.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला दुसऱ्यांचा संशय चटकन पटतो. पुरवठा कायमचा थांबला, की उरल्यासुरल्या ध्वनिफितीलाही भाव चढतो. पण मी गेल्यावर तुम्ही पुरे करा, असे मर्क्युरीनेच सांगितले होते, हे त्याच्या सोबत्यांचे म्हणणे आहे. ‘मदर लव्ह’ हे गीत गाताना त्याची शक्ती संपली. राहिलेले कडवे ब्रायन मे याने स्वतःच्या आवाजात म्हटले. सांधा लपवला नाही. त्या गीताबद्दल माझी तक्रार नाही.

मात्र मर्क्युरीने 1985 च्या आपल्या स्वतंत्र अल्बममध्ये पूर्ण करून दिलेली दोन गीते सोबत्यांनी नव्या वादनाने पुन्हा सजवली. ती अपुरी नव्हतीच. तेथे मी संशय घेणाऱ्यांच्या बाजूचा.