यादी कुणाच्या धाकाने ठरते?

बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा हा मूकपट कोल्हापुरात घडला. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. त्या निमित्ताने कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत मानवी हक्कांवरचे चित्रपट दाखवावेत म्हणून बैठक बसली. पहिलीच सूचना आली : वाद होईल असं काही घेऊ नका. ती मला झोंबली.

 

का झोंबली, ते सांगायला २००४ पासूनच्या दशकात जावं लागेल. मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवाने त्या वर्षीसाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचा दाखला सक्तीचा केला. माहितीपटकार भांडले, अट मागे घेतली गेली. मग निवडीच्या चाळणीत नेमके बोचणारेच चित्रपट अडकले. राकेश शर्मा यांचा गुजरातच्या हिंसाचारावरचा ‘फायनल सोल्युशन’ त्यांतलाच. त्याच सुमारास बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाने त्याला गौरवलं! नाकारलेल्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा आपला महोत्सव भरवला. पुढे सेन्सॉरनेही ‘फायनल सोल्युशन’ अडवला, तेव्हा शर्मांनी सीडी वाटल्या. घेणाऱ्याने प्रती काढून पुढे द्यायच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो एकही काट न लागता मंजूर झाला. मग अडवला होता कशासाठी?

हातोहात फिरणाऱ्या अशा सीडींवर आम्ही चित्रपट दाखवणारी मंडळी निवड करायला शिकलो. चित्रपट सगळ्यांनी मिळून शेवटपर्यंत बघायचा. ज्याचं दुःख दाखवलंय तो स्वतः बोलतो, की निवेदकच त्याच्या वतीने बोलतो? तो माणूस पहिल्या रांगेत बसला तर आपल्याला मान खाली घालावी लागेल का? एवढ्यावर भांडणं व्हायची, रात्र सरायची. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तीन तासांहून मोठा. कुणीतरी म्हणालं, निम्मा दाखवू. मुंबईच्या रमाबाई नगरात १९९७ साली पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. या चित्रपटासाठी पटवर्धन चौदा वर्षं त्या घटनेच्या मागावर राहिले. आणि आपण निम्मा दाखवायचा? मुळीच नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या आणि सभागृह मागतानाही आवाज खाली येऊ लागला. २०१७ ला गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, इफ्फीत, परीक्षकांनी निवडलेले ‘न्यूड’ आणि ‘एस. दुर्गा’ माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळले. परीक्षकांचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. आता वगळण्याची गरजच उरलेली नाही. धास्तावलेले आयोजक यादी करतानाच गाळतात आणि वर स्वच्छतेचे, व्यसनमुक्तीचे लघुपट घालून त्यालाच सामाजिक म्हणतात.

मी माझ्या यादीत ‘फायनल सोल्युशन’ आणि ‘जय भीम कॉम्रेड’ लिहून दिलेत. ज्याला ती नावं खोडायची असतील त्याने आधी दोन्ही पूर्ण बघावेत, आणि मग बैठकीत उभं राहून कारण सांगावं.