इतिहास शिकलेल्या लेकीला काम कुठं मिळतं?



मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले आणि विषय निघाला एका ताईंच्या मुलीचा. पोरगी बी.ए. झाली, विषय इतिहास. ताई म्हणाल्या, "मेलेल्या राजांच्या तारखा पाठ करून कुणाचं पोट भरलंय? आता स्थळं बघायला लागलोय." आम्ही गप्प बसलो, कारण आम्हालाही काही सांगता येत नव्हतं. मग चौकशी केली. ती आज तुमच्यापुढं मांडतो.

खरं तर आपण तेरकरणींनी हा प्रश्न विचारावा याचं हसू येतं. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला येतं. पावसानंतर पांढरीत मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जपून ठेवल्या, म्हणून आज त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय इथं उभं आहे. त्यातली हस्तिदंती बाई बघितली नसेल तर बघून या. तशीच एक थेट इटलीत, पाँपेई गावाच्या राखेखाली सापडली.

आता त्या कपाटातल्या वस्तूखालची चिठ्ठी आठवा. वस्तू कशाची, कोणत्या काळातली, हे कुणीतरी ठरवून लिहिलेलं असतं. ते लिहिणं हीच इतिहासवाल्यांची नोकरी. तेरला उत्खनन झालं की पाट्या वाहायला मजूर गावातले असतात आणि वहीत नोंद करणारे बाहेरून येतात. ती वही आपल्या मुलीच्या हातात का नसावी?

त्यासाठी नुसतं बी.ए. पुरत नाही, हे आधीच सांगतो. पुढं पुरातत्त्वाचं एम.ए. लागतं. ते सोलापूरच्या विद्यापीठात आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. त्यानंतर राज्याचं पुरातत्त्व खातं, केंद्राचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, संग्रहालयं. जागा थोड्या निघतात, वाट बघावी लागते. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही.

दुसरं काम आम्हाला फार आवडलं, ते मोडी वाचण्याचं. आपला मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जमिनीचे, वतनाचे जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली, तेव्हा कचेऱ्यांमधले गठ्ठे सोडले गेले आणि ते वाचणारी माणसंच सापडेनात. मोडी शिकायला वर्षं घालवावी लागत नाहीत. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे छोटे वर्ग घेतं. पुढचं सगळं सरावावर. वाटणीच्या, वारसाच्या भांडणात लोक असे कागद घेऊन वाचणारा शोधत फिरतात. हे काम घरी बसूनही होतं, लग्नानंतरही सुटत नाही.

शिक्षिका व्हायचं तर बी.एड. दोन वर्षांचं. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी पास लागते, भरतीसाठी टेट परीक्षा वेगळी. दोन्हींची नावं सारखी वाटतात, घोटाळा करू नका. कॉलेजात शिकवायला एम.ए. आणि सेट किंवा नेट. इथं एक जपा: "संस्थेत चिकटवतो" म्हणून लाखांची बोली करणारे भेटतात. जमीन विकून ते पैसे देऊ नका. गेलेले पैसे परत आलेले आम्ही तरी पाहिले नाहीत.

तलाठी, राज्यसेवा यांना कुठलीही पदवी चालते. राज्यसेवेला इतिहासाचे प्रश्न असतातच, तेवढा अभ्यास आधीच झालेला असतो. पण चार-पाच वर्षं नुसती परीक्षा देत बसण्यापेक्षा हाताशी बी.एड. किंवा मोडी असलेली बरी.

आणि गाइडचं काम. तुळजापूरला येणारी माणसं दर्शन घेऊन परत जातात. नळदुर्गचा किल्ला, धाराशिवची लेणी, आपलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, गोरोबाकाकांचं घर त्यांना नीट सांगणारं कुणी भेटलं तर ती इकडंही वळतील. यात बांधलेला पगार नाही, हंगामाची कमाई.

फीचं म्हणाल तर 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या बऱ्याच घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. आपल्या मुलीला ती लागते का, हे कॉलेजच्या खिडकीवर विचारूनच पैसे भरा. उत्पन्नाचा दाखला निकालाआधी काढून ठेवा, नंतर तहसीलला रांग लागते.

त्या ताईंकडं आम्ही परत गेलो. स्थळं बघणं काही थांबलेलं नाही. पण येणाऱ्या पाहुण्यांना आता पहिल्याच बैठकीत सांगतात की पोरगी सोलापूरला एम.ए. करणार आहे, ते झाल्यावरच लग्न. पहिल्या वर्षाच्या राहण्या-जेवणापुरतं कर्ज गटानं मंजूर केलंय, नेहमीच्याच व्याजानं.