नवोदयच्या आकृत्या आणि पोराचं डोकं

वाशीम जिल्ह्यात पाचवीतलं पोरगं किती हुशार, हे ठरवायची गावोगावची पट्टी म्हणजे नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले निम्मे, म्हणजे ४० प्रश्न आणि ५० गुण, मानसिक क्षमता चाचणीचे: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते निवडा. आकार मनातल्या मनात फिरवण्याची ही ताकद, म्हणजे अवकाशीय क्षमता.

‘नंबर लागला नाही, म्हणजे डोकं बेताचं’ हा पहिला गैरसमज. सहावीत जागा जास्तीत जास्त ८०. त्यात ग्रामीण कोटा, आरक्षण, शिवाय गणित आणि भाषेचे गुण. आकृत्यांत पैकीच्या पैकी मिळवणारं पोरही यादीबाहेर राहू शकतं.

मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमत्ता चाचणी करून घेतली, तर अहवालात पर्सेंटाइल येतो आणि घरात गोंधळ उडतो. ५० पर्सेंटाइल म्हणजे निम्मे प्रश्न चुकले असं नव्हे. त्याच वयाच्या मुलांत आपलं मूल अगदी मध्यावर आहे, एवढंच. ९५ म्हणजे शंभरातली साधारण ९५ मुलं त्याच्याइतकी किंवा त्याच्या मागे.

‘आकृत्यांत ९५, शब्दांत ५०, म्हणजे आकृत्यांचं नशिबानं जमलं’ हे तर साफ चूक. अशा वेळी एकत्रित बुद्ध्यंकच फसवा ठरतो, कारण सरासरीत दोन्ही टोकं बुजतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१मध्ये असामान्य मुलं शोधायला घेतली. त्यांची चाचणी शब्दांवर बरीच विसंबणारी होती. तिने विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना नाकारलं. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८मध्ये. टर्मन यांनी निवडलेल्या दीड हजारांत नोबेल एकालाही नाही!

‘आकृत्यांचं डोकं उपजतच असतं’ हेही अर्धवट. २०१३मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सरावाने ही क्षमता वाढते, टिकते आणि न शिकवलेल्या कामांतही थोडीफार उतरते, असं त्यात दिसलं. मात्र क्लासमध्ये त्याच साच्याचे शेकडो प्रश्न घोटून वाढलेले गुण बऱ्याचदा त्या साच्याच्या ओळखीचे असतात. त्यामुळे चाचणी घेणाऱ्याला आधीच सांगावं: पोराने नवोदयची तयारी किती केली आहे. अहवाल लिहिताना त्याला ते लक्षात घ्यावं लागतं.