किल्ली कुणाच्या कमरेला?

माझ्या सासूबाईंच्या कमरेला कायम किल्ल्यांचा जुडगा असायचा. कोठीची, कपाटाची, ट्रंकेची किल्ली. झोपतानाही तो उशाखाली. आम्ही दोघी जावा मागे हसायचो. पण गेल्या मार्चमध्ये मला त्यांची फार आठवण आली.

त्याचं असं झालं, मी कऱ्हाडला वाळवणाचा घरगुती व्यवसाय करते. कुरडया, सांडगे, पापड. पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येतात त्या मोबाइलवरच्या जाहिरातींमुळे. जाहिरातीचं ते खातं तीन वर्षांपूर्वी पुतण्यानं उघडून दिलं. "काकू, तू फक्त फोटो पाठव, बाकीचं मी बघतो." मलाही बरंच वाटलं. माल माझा, पैसे माझे. ईमेल आणि मोबाइल नंबर मात्र त्याचा! पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला, नंबर बदलला. माझ्या फोनवर खातं उघडंच होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ऐन हंगामात माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला. नव्या फोनवर खातं उघडायला गेले, तर सहा आकडी कोड मागितला. कोड गेला पुतण्याच्या जुन्या नंबरवर. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, हे तेव्हा कळलं. फोन लावला, तर कुणी भलतेच गृहस्थ! "ताई, ओटीपी कुणाला देऊ नये म्हणतात," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यांचं तरी काय चुकलं?

खातं बंद, पण जाहिरात चालूच. कार्डावरून रोज तीनशे रुपये कापले जात होते. लोक तिथं ऑर्डरीचे मेसेज टाकत होते, ते मला दिसत नव्हते. पंगत बसलीय आणि स्वयंपाकघराला कुलूप, अशी गत! कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेला गहू दारात आणि मदतीला येणाऱ्या दोघींना "आठवडाभर येऊ नका" सांगायची वेळ. त्यांचे उतरलेले चेहरे बघून मला रडूच फुटलं. कंपनीला मेल केले, तर "आपली विनंती मिळाली" एवढंच छापील उत्तर. बोलायला माणूसच नाही.

शेवटी नेटवर एक 'हेल्पलाइन' नंबर सापडला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, हे ॲप घ्या, मी तुमच्या स्क्रीनवरून करून देतो." लेकीनं फोन हिसकावला म्हणून वाचले. मैत्रिणींनो, असे नंबर बहुतेक भामट्यांचेच असतात. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आपोआप पैसे कापणं थांबवलं. तिकडे पुतण्यानं स्वतःचं ओळखपत्र कंपनीला पाठवलं. हो, त्याचंच, कारण कागदोपत्री धंदा त्याचाच दिसत होता! अकराव्या दिवशी खातं उघडलं. चाळीसेक मेसेज पडून होते. बहुतेकांनी तोवर दुसरीकडून माल घेतला होता.

पुतण्यावर राग नाही. त्यानं मायेनंच केलं होतं. चूक माझी. "मला त्यातलं काय कळतंय" म्हणत मीच किल्ली देऊन टाकली.

तेव्हा आजच बघा, तुमच्या खात्याला नंबर कुणाचा आहे? तो तुमचाच हवा. विश्वासातल्या आणखी एकाला ॲडमिन करून ठेवा. दुहेरी सुरक्षेसोबत जे बॅकअप कोड मिळतात, ते कागदावर उतरवून ठेवा. कंपनीनं दाद दिलीच नाही, तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याचं उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ही सोय २०२३ पासून आहे.

माझे कोड मी एका वहीत लिहिलेत. वही सासूबाईंच्या जुन्या ट्रंकेत आहे. आणि ट्रंकेची किल्ली? ती आता माझ्या कमरेला. जाऊबाई हसतात, हसू देत.