गादी, माती आणि एका जिल्ह्यातले दोन महाराष्ट्र केसरी

2 फेब्रुवारी 2025 च्या रविवारी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कमध्ये सदुसष्टावी महाराष्ट्र केसरी स्पर्धा संपली. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीवर विजयी ठरवले. शिवराज राक्षेचे म्हणणे होते की आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. वाद वाढला, आणि सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले की दोनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या मल्लाने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड काही सेकंद उरले असताना पंचांवर नाराज होऊन आखाडा सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

मार्च संपता संपता याच जिल्ह्यात, कर्जतला, आणखी एक महाराष्ट्र केसरी झाला. सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवले. ही स्पर्धा सहासष्टावी. म्हणजे सदुसष्टावी आधी आणि सहासष्टावी नंतर! कुस्तीगीर संघ आणि कुस्तीगीर परिषद या दोन संघटनांच्या भांडणात अंकगणितही चितपट झाले.

चूक कोणाची, यावर नगरच्या चहाच्या टपऱ्यांवर पुरेशी चर्चा झाली आहे. मला त्यामागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. गावाचा खेळ नियमांच्या पुस्तकात गेला की त्याचा मालक कोण होतो? हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी कॅनडाने फार कठोरपणे सोडवला होता.

तिथला लॅक्रॉस हा खेळ मूळचा आदिवासींचा. लाकडी काठीच्या टोकाला चामड्याच्या वाद्यांची जाळी, त्यात चेंडू झेलायचा आणि फेकायचा. मोहॉक आणि त्यांच्या सोबतच्या हौदेनोशोनी राष्ट्रांत तो देवाला रिझवण्यासाठी, आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून खेळला जाई. मैदानाला सीमा नसे. शेकडो माणसे दोन-दोन दिवस खेळत. मग विल्यम जॉर्ज बिअर्स नावाचा माँट्रियलचा दंतवैद्य आला. 1867 मध्ये, म्हणजे कॅनडा देश म्हणून उभा राहिला त्याच वर्षी, त्याने खेळाचे नियम बांधले: एका बाजूला बारा खेळाडू, ठरावीक मैदान, रबरी चेंडू. हा आपला राष्ट्रीय खेळ व्हावा, असा प्रचारही त्याने केला. 1876 मध्ये तो गोऱ्या खेळाडूंसोबत मोहॉक संघही इंग्लंडला घेऊन गेला आणि विंडसरला राणी व्हिक्टोरियापुढे सामना झाला. चारच वर्षांनी, 1880 मध्ये, कॅनडाच्या लॅक्रॉस संघटनेने आदिवासी संघांना अजिंक्यपद स्पर्धेतून वगळले. कारण काय, तर ते पैसे घेतात, म्हणजे हौशी नाहीत. प्रवासाचा खर्च खिशातून करण्याइतके पैसे ज्यांच्याकडे नव्हते, त्यांच्यासाठीच हा नियम होता.

हाच नियम नगर जिल्ह्यात लावून पाहा. जामखेड, पाथर्डी, श्रीगोंद्याकडच्या जत्रांत कुस्त्यांचा हगामा भरतो. हलगी कडाडते, पोरे रेवड्यांवरच्या कुस्त्यांत पहिली धूळ अंगाला लावून घेतात, आणि शेवटची कुस्ती हजारोंच्या इनामावर लागते. त्या इनामातूनच दूध, तूप, बदाम, म्हणजे पैलवानाचा खुराक निघतो. इनाम घेणारा हौशी नव्हे असे कोणी ठरवले, तर या पट्ट्यात पैलवान औषधालाही उरणार नाही.

हगाम्याचे नियम छापलेले नसतात. पाठ लागली की संपले. घड्याळ नसते, गुण नसतात. अर्धा तास झोंबाझोंबी होऊनही निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. पंच म्हणजे भोवतीच्या लोकांना माहीत असलेला जुना वस्ताद. त्याचा निर्णय पटला नाही तर गर्दीच ओरडते. गादीवर मात्र दोन डाव, प्रत्येकी तीन मिनिटांचे. ताबा घेतला की गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की गुण. त्या हिशेबात चितपट हा एक निकाल झाला, एकमेव निकाल राहिला नाही.

गादीला नावे ठेवून चालणार नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गेले, तेव्हा गादीची सवय नसताना ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. माती जपणारे गादीशी भांडत बसले असते, तर ते पदक आले नसते. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर उभे राहतात, ही तडजोड म्हणूनच मला शहाणपणाची वाटते. कॅनडाने असे दोन विभाग ठेवले असते, तर मोहॉक खेळाडू हद्दपार झाले नसते. (आपणही वगळण्यात मागे नाही. बायकांसाठी महाराष्ट्र केसरी भरायला 2023 उजाडले. ती स्पर्धा सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली.)

कॅनडाने चूक अर्धीच सुधारली. 1994 च्या कायद्याने आइस हॉकी हिवाळ्याचा आणि लॅक्रॉस उन्हाळ्याचा राष्ट्रीय खेळ झाला. त्याआधीच हौदेनोशोनींचा स्वतंत्र संघ 1990 च्या जागतिक स्पर्धेत स्वतःच्या झेंड्याखाली उतरला होता. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली. लॉस एंजेलिस 2028 साठी क्रिकेट घेतले म्हणून आपण आनंदलो. त्याच ठरावात लॅक्रॉसही होता. पण ज्यांनी हा खेळ घडवला, त्यांना देश म्हणून मान्यता नाही. राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेल्या देशांचेच संघ खेळतील, असे पुस्तक सांगते.

आपल्याकडे कुस्तीगिराला कोणी हाकललेले नाही. तो मधे आहे आणि दोन्ही बाजूंनी पुस्तके घेतलेली माणसे ओढत आहेत. पंचाला लाथ मारणे माफ करण्यासारखे नाही, बंदी योग्यच. पण खांदे टेकले की नाही हे दाखवणारे चित्रण तिथल्या तिथे दोन्ही वस्तादांसमोर पाहिले गेले असते, तर बराच तमाशा टळला असता. दोन्ही संघटनांनी आधी एवढे करावे: वर्षाला एकच स्पर्धा, एकच गदा, आणि वादाच्या प्रत्येक निकालाचे चित्रण सगळ्यांसमोर. पंचांच्या यादीत हगाम्यातले दोन जुने वस्तादही असू द्या. पाठ लागली की नाही, हे त्यांना लांबूनही कळते.