बेटकुळीचे गणित

कोपर काटकोनात वाकवून तळहातावर ५ किलोग्रॅमचे वजन धरा. दंडाची बेटकुळी किती बल लावत असेल? ५ किलोग्रॅमभार? छे, सुमारे ४०! हात ही तरफ आणि कोपर हा टेकू. स्नायू टेकूपासून सुमारे ४ सेंमी. वर जोडलेला, वजन मात्र ३२ सेंमी. वर. म्हणून ४० × ४ = ५ × ३२; हाताचे स्वतःचे वजन वेगळेच!

मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशासाठी? स्नायू १ सेंमी. आखडला की तळहात ८ सेंमी. हलतो. बलात गमावले, ते वेगात कमावले. बोरेली या इटालियन शास्त्रज्ञाच्या १६८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असेच हिशेब आहेत.

पाठीचा कणाही तरफच. म्हणून भरलेली बादली अंगाजवळ घेऊन, गुडघे वाकवून उचला. भारभुजा आखूड झाली, की कंबरेवरचा ताण घटतो.