वरच्या खोलीतला भाडेकरू

सुखवस्तू घरांचं दुःख हा आपल्याकडे थोडा थट्टेचा विषय असतो. स्वतःचं घर आहे, मुलं कॉलेजात आहेत, यांना कसलं आलंय दुःख? अमेरिकेत जॉन चीव्हर, रिचर्ड येट्स यांनी उपनगरातल्या अशाच घरांवर कितीतरी लिहिलं. मराठीत मला आठवते सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू'. मौज प्रकाशनाने ती २००६ साली काढली. 'गंध' हा चित्रपट करणारे तेच हे कुंडलकर. कादंबरी मात्र त्यांनी ऐन विशीत लिहिलेली.

पुण्यातलं जोशी कुटुंब. वरची खोली भाड्याने द्यायचं ठरतं आणि एक तरुण चित्रकार राहायला येतो. भाडं वेळेवर, हाताखाली मदतीला तयार, आणि संस्कृती कशी बुडत चालली आहे हे जोशीबाईंकडून निमूट ऐकून घेणारा! आडनाव मात्र नाही, नातेवाईक नाहीत. जोशींचा मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. पुढे तो तिलाही सोडून जातो आणि ती घरी परतते.

गोष्ट दोनदा सांगितली आहे. आधी तनय सांगतो, त्या निघून गेलेल्या माणसाला 'तू' म्हणत. मग अनुजाची डायरी. अनुजा गेली की घर हादरतं, कारण अब्रूचा प्रश्न आहे. तनयचंही तेवढंच गेलेलं असतं. पण ते कोणाला सांगणार? त्या दुःखाला घरात नावच नाही. तिच्यावर रागावणारं तरी कोणी आहे, त्याच्यावर रागवायलाही कोणी नाही. तेव्हा कायद्यानेही असं प्रेम गुन्हाच होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याला ३७७ कलमातून बाहेर काढलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या आसपास, शिक्रापूर-सणसवाडीकडे, कारखान्यांमुळे भाड्याच्या खोल्या पुष्कळ. घरमालक विचारतो, गाव कुठलं, कंपनी कुठली, फॅमिली आहे का? घरात वयात आलेली मुलगी असेल तर जिन्यावर नजर राहते. मुलगा भाडेकरूकडे रात्री उशिरापर्यंत बसला, तर त्यात काय एवढं? कादंबरी नेमक्या याच फटीत शिरते.

इथे खलनायक कोणी नाही. आईवडील दुष्ट नाहीत, त्यांना जे पाहायची सवय आहे तेवढंच ते पाहतात. तनयही सगळा त्या एका माणसाशीच बोलत राहतो. बहिणीवर काय गुदरलं ते कळायला आपल्याला तिच्या डायरीपर्यंत थांबावं लागतं.

जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला. २०२२ च्या चित्रपटात पुण्याचं कोची झालं. दिसायला देखणं, पण मला जोशींचंच घर हवं होतं. वाचणार असाल तर तनयचा भाग संपल्यावर पुस्तक बाजूला ठेवू नका, लगेच अनुजाचा घ्या. माणूस तोच, पण तिच्या आठवणीतला वेगळाच निघतो.